तळ्याच्या बंगल्याचं पांघरूण

आमच्या घरात प्रत्येकाला एकेक गोष्ट चांगली जमायची. आबांना गाठी मारणं जमायचं, आईला माकडांशी भांडणं जमायचं, आणि मला अपराधी वाटून घेणं. हे कसब मला जन्मजात मिळालं असावं. शेजारच्या घोड्याला ठेच लागली तरी मला वाटायचं, तो वाटेतला दगड आपण काल पाहिला होता आणि उचलला नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर नेरळच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितोय, खाली कुणाच्या तरी मोटरसायकलचा अलार्म केकाटतोय, आणि आपलंच काहीतरी चुकलं असणार असं मला आत्ताही वाटतंय. बायको म्हणते, "तुमी पासपोर्टच्या कामाला पोलीस चौकीत गेलात तरी दोन-चार गुन्हे कबूल करून याल." तिचं खरं आहे. पण या प्रकरणात मला गुन्ह्याबद्दल लिहायचं नाही, शाबासकीबद्दल लिहायचंय. न केलेल्या चांगल्या कामाची शाबासकी अंगावर बसली की ती गुन्ह्यापेक्षा चिवट निघते. गुन्हा निदान कबूल करता येतो.

मी वाढलो माथेरानला, तळ्याकाठच्या एका बंगल्याच्या मागच्या आउटहाउसमध्ये. बंगल्याला इंग्रजी नाव होतं, पण फाटकावरच्या पाटीसकट ते गंजून गेलं होतं आणि गावात सगळे त्याला तळ्याचा बंगलाच म्हणत. पणजोबा, आजोबा तिथे माळी होते, आबाही माळी. माळी म्हणजे नुसती झाडं नव्हेत. राखण, झाडलोट, कौलं, किल्ल्या, वटवाघळं, पाहुण्यांचं आंघोळीचं पाणी, सगळं माळ्याकडे. तळ्याभोवतीच्या लाल वाटेनं चालायला लागलं की झाडांआडून असे बंगले एकामागून एक डोकवायचे. सगळे जांभ्या दगडाचे, कौलारू, ऐसपैस व्हरांड्यांचे, पण प्रत्येकाची एकेक खोड. एकाला मनोरा होता, कारण तो बांधून घेणाऱ्या साहेबाच्या मडमेला म्हणे तिथून मुंबईचे दिवे बघायचे होते. बांधून होईतो समोरची झाडं मनोऱ्याच्या वर गेली. एकाची बैठकीची खोली अष्टकोनी होती, आणि तिच्यात कुठलंही कपाट कुठल्याही भिंतीला धड टेकत नसे. एकाला बग्गी उभी राहावी म्हणून कमानदार पोर्च होता. माथेरानवर बग्गी कधी चढलीच नाही. आबा म्हणायचे, "नकाशा मुंबईत काढला आन् बंगला हितं बांधला, की आसं व्हतंय." पण आमच्या बंगल्याबद्दल ते असं कधी बोलले नाहीत. आमचा बंगला साधा होता, चौकोनी, मान खाली घालून बसल्यासारखा, आणि त्याची कौलं भिंतींच्या खूप पुढे आलेली होती. मागच्या चढावर तशाच दगडाचं एक लहानसं चर्च होतं. मे महिन्यातले काही रविवार सोडले तर तिथे कुणी फिरकत नसे. फादर खालून यायचे, प्रार्थना करायचे, आईच्या हातचा चहा प्यायचे आणि किल्ली पुन्हा आमच्या खुंटीला अडकवून जायचे.

आमची खोली एकच. तिच्यात चूल, माळा, आणि एक खिडकी, जिच्यातून बंगल्याची पाठ दिसायची. मी जगाकडे बराच काळ एका मोठ्या घराच्या पाठीकडून पाहिलं आहे, आणि माझी तक्रार नाही. पाठ खोटं बोलत नाही. सकाळ कौलांवरच्या माकडांच्या धावपळीनं व्हायची. त्यापाठोपाठ आईचा आवाज, "मेल्या, तुज्या बानं शाकारलीत का कौलं?" मग दूर घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि त्याहून दूर छोट्या गाडीची शिट्टी. उन्हाळ्यात करवंदाचं लोणचं आणि फणसाची भाजी, पावसाळ्यात नाचणीची भाकरी, सुकट आणि कुळथाचं पिठलं. पायथ्याच्या ठाकूरवाडीतला बुधाकाका, आबांचा जिवलग, वर येताना ओल्या फडक्यात चिंबोऱ्या बांधून आणायचा आणि त्या खोलीभर सुटल्या की मी चुलीवर चढून बसायचो. शिवाय आमच्या घरात एक पदार्थ व्हायचा जो माथेरानच्या दुसऱ्या कुठल्याच माळ्याच्या घरात होत नसे: लग्नाचं कस्टर्ड. बंगल्याच्या मालकीण पेरीनबाई पारशी. त्यांनी आईला ते शिकवलं होतं. आई ते पातेल्यात घालून वर-खाली निखारे ठेवून भाजायची, आणि अंड्याचा वास जावा म्हणून इतकं जायफळ किसायची की खाल्ल्यावर आम्हा सगळ्यांना झोप यायची.

पेरीनबाई दिवाळीला यायच्या, नाताळला यायच्या, आणि एप्रिल-मेचा सगळा हंगाम राहायच्या. जून ते दसरा मात्र कधी नाही. त्यांचे वडील आले नाहीत, आजोबाही आले नाहीत. पावसाळ्यात माथेरानला कोण येतं? गाडी बंद, हॉटेलं बंद, धुकं इतकं की समोरून घोडा येतोय हे त्याचा श्वास लागल्यावर कळायचं. मुंबईच्या सगळ्या बंगलेवाल्यांच्या लेखी माथेरान मे संपताना पेटीत घालून ठेवलं जाई आणि दिवाळीला बाहेर निघे. ते पेटीत घालायचं काम आबांचं.

आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. दरीतून चढत येऊन भिंतीवर आपटतो. जांभा दगड पाणी पितो. एक पावसाळा उघडा काढला तर दिवाळीला आतल्या भिंतीवर शेवाळ आणि सागवानी कपाटाला बुरशीची दाढी. म्हणून मे सरत आला, शेवटचे पाहुणे घोड्यावर बसले, की बंगल्याला पांघरूण घालायचं. बुधाकाका आणि वाडीवरची माणसं कारवीच्या काठ्यांचे भारे पाठीवर घेऊन चढून यायची. काठ्या बांबूच्या कामट्यांनी आवळून दरवाजापेक्षा मोठे कूड करायचे, त्यांच्यावर गवताचा जाड थर, वरून खाली, कौलांसारखा. मग एकेक कूड भिंतीला उभा करून काथ्यानं करकचून बांधायचा. पायापासून वळचणीपर्यंत. खिडक्या गेल्या, व्हरांडा गेला, रंगीत काचा गेल्या. मागच्या बाजूला माणूस वाकून आत शिरेल एवढं एक भोक तेवढं ठेवायचं. बंगला झाला की चर्च. आबा चर्चलाही पांघरूण घालायचे, कारण त्यांच्या वडिलांनी घातलं होतं. शेवटी गवताच्या त्या ढिगातून वर एक दगडी क्रूस तेवढा दिसायचा, घोंगडी घेऊन शेकत बसलेल्या म्हाताऱ्यानं हात वर करावा तसा.

आत गेलं की वेगळंच जग. दुपारीही काळोख, वाळल्या गवताचा वास, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना आत शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ पाखडतंय एवढाच आवाज. आबा रोज एकदा जायचे, घड्याळाला किल्ली द्यायचे, लोबान फिरवायचे आणि बाहेर यायचे. आम्हाला तिथे झोपायची परवानगी नव्हती. "आपलं नाय त्ये," एवढंच कारण.

आता कड्यांबद्दल सांगायला हवं. कूड बांधायचे ते भिंतीत बसवलेल्या लोखंडी कड्यांना. बंगल्याभोवती सगळीकडे त्या होत्या, काही वळचणीखाली, काही गुडघ्याएवढ्या उंचीवर. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेलं असं, की वरच्या कड्या बंगला बांधणाऱ्या साहेबानं फुलांच्या कुंड्या टांगायला केल्या आणि खालच्या कुत्री बांधायला. साहेबाला कुत्र्यांचं फार वेड होतं म्हणे. कड्या मोजल्या तर त्याच्याकडे शिकारीची अख्खी पलटण असायला हवी होती, पण साहेबांचं काही सांगता येत नाही, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. म्हणजे कड्या कुंड्यांच्या आणि कुत्र्यांच्या, आणि आम्ही त्या मालकाला न विचारता गवत बांधायला वापरतो, हे आमच्या घराचं छोटंसं गुपित होतं. दसरा झाला की आबा कूड उतरवायचे, काथ्याचा धागान् धागा वेचायचे, कड्यांना तेल लावायचे आणि पेरीनबाई यायच्या आत वरच्या कड्यांना नेच्याच्या कुंड्या टांगून मोकळे व्हायचे. गणपत पावसाळ्याचं काहीतरी बघतो एवढं बाईंना ठाऊक होतं. काय बघतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि आबांनी सांगितलं नाही. माझा अपराधीपणाचा वारसा कुठून आला, हे लिहिताना आत्ता माझ्या ध्यानात येतंय.

मी बारावी झालो त्या वर्षी पेरीनबाईंचे गुडघे गेले. मे महिन्यात त्या आल्याच नाहीत. आला त्यांचा पुतण्या, सोलीशेठ. गोरा, गोल, सतत घाम पुसणारा, मनानं वाईट नव्हे. त्याला बंगला पाडून तिथे हॉटेल बांधायचं होतं, तीन मजली, तळ्याकडे तोंड करून. बाई म्हणाल्या होत्या, मला आता चढवत नाही, तू म्हणतोस तर सही करते, पण आधी सगळं नीट कागदावर आण. जुनं घर पाडायचं तर त्याचे नकाशे काढून ठेवावे लागणार होते, त्यासाठी मुंबईहून आर्किटेक्ट येणार होती. आउटहाउसही जाणार होतं. आबांना सोलीशेठनं गेटवर वॉचमनची जागा कबूल केली. आणि मला म्हणाला, "तू शिकलेला पोरगा, तू रिसेप्शनला बस." एवढंच नाही, बॅगेतून एक मरून रंगाचा टाय काढून माझ्या हातात ठेवला. "आत्तापासून सवय कर."

तेव्हा मला काय वाटलं ते स्पष्ट लिहितो. मला बंगला पडायला हवा होता. तळ्याकाठी काचेच्या दारामागे टाय लावून उभा असलेला मी मला दिसत होतो, आणि त्या चित्रात कारवीची एकही काठी नव्हती. आबा या विषयावर काही बोलत नव्हते. "बोलत नाय म्हंजे गाठ आवळतोय," आई म्हणाली. मी टाय बांधायचा सराव करत होतो तेव्हा ते एकदाच जवळ आले. गाठ चिमटीत धरून बघितली. "ही वाऱ्यात टिकायची नाय रं," म्हणाले, आणि स्वतः बांधून दाखवली. ती मग सुटेना. रात्री डोक्यावरून ओढून काढावी लागली, तेव्हा कानाची सालं निघाली.

त्या आर्किटेक्ट, सामंत मॅडम, आल्या तेव्हा उशीर झाला होता. दुसरं कुठलं तरी काम लांबलं म्हणून त्या ऐन जूनमध्ये आल्या, आभाळ भरलेलं, पांघरूण घालून झालेलं. पँट, कॅनव्हासचे बूट, खांद्याला नळकांडं, वयानं चाळिशीच्या. त्यांच्या मागून घोड्यावर सोलीशेठ. मी टाय लावून फाटकात उभा. मॅडम अंगणात आल्या, गवताच्या त्या डोंगराकडे बघितलं, मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"घर कुठंय?"

"ह्ये काय," आबा म्हणाले.

सोलीशेठ घोड्यावरूनच ओरडला, "गणपत, हे काय केलंस? काढ ते सगळं गवत! मॅडमना माप घ्यायचाय."

"आता नाय निघत, शेठ."

"का नाय निघत?"

"पाऊस उंबऱ्यावर हाय. घर भिजंल."

"अरे, पाडायचंच आहे ते!"

"पडंल तवा पडंल," आबा म्हणाले. "तवर कोरडं ऱ्हाईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमसमोर हे गवत, हा बाप, हा टाय. पण मॅडम हसल्या. त्या म्हणाल्या, सगळं काढायची गरज नाही, एका वेळी एक कूड काढा, मी मागचं मापते, तुम्ही परत बांधा, मग पुढचा. आबांनी आभाळ बघितलं, बुधाकाकाकडे बघितलं, आणि मान हलवली. सोलीशेठ बाजारात जेवायला निघून गेला. मग दिवसभर तो विचित्र खेळ चालला. बुधाकाका आणि आबा कूड सोडायचे, मी टेपचं टोक धरायचो, मॅडम लिहून घ्यायच्या, कूड परत. आजारी माणसाला आंघोळ घालताना जसं एकेक अंग उघडून पुसतात, तसं.

तिसऱ्या की चौथ्या कुडामागे मॅडम वाकून कड्यांकडे बघायला लागल्या. "या कशासाठी आहेत?"

आबा एकदम चोर सापडल्यासारखे झाले. "त्या व्हय... वरच्या कुंड्यांच्या, बाई. आन् खालच्या कुत्र्यांच्या. आमी आपलं पावसापुरतं गवत बांधतो. पण खराब करत नाय हां. तेल लावून ठेवतो."

"एवढी कुत्री?"

"साहेबाला लई नाद," बुधाकाकानं साक्ष दिली. जणू तो स्वतः त्यांना फिरवून आणत होता.

मॅडम लिहून घेणार होत्या. पेन टेकलंही होतं. आणि मी, दिनकर गणपत, बारावी पास, तोंड उघडलं. इथे मी जे बोललो त्यावरून गाव आजही मला शहाणा आणि त्यागी समजतं, म्हणून माझ्या मनात नेमकं काय होतं ते सांगतो. मला मॅडमना हसवायचं होतं. सकाळी आबांच्या बोलण्यावर त्या हसल्या होत्या. आता माझ्या बोलण्यावर हसाव्यात, आणि मी या गवतवाल्यांपैकी नाही, वेगळा आहे, हे त्यांना कळावं. बस्स.

"मंग चर्चला पन कड्या हायत की, आबा," मी म्हणालो. "तितं कुत्री कशापाई?"

"रविवारी येताना संगं आणत आसतील. भाईर बांधायची."

"आन् वरच्या? चर्चला कुंड्या?"

"आसतील."

"आन् पार त्या क्रूसाच्या खाली, शेंड्याला हाय ती? तितं काय कुत्रं टांगायचं?"

बुधाकाका खोकल्यासारखं हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण घातलं आणि म्हणाल्या, "चर्च दाखवा मला."

चर्चला त्यांनी शिडी लावून घेतली. कूड थोडा बाजूला करून एक कडी बघितली, दुसरी बघितली, बोटांनी चाचपली, दोन्हींमधलं अंतर घेतलं आणि बंगल्याच्या मापांशी ताडून बघितलं. तीच घडण, तेच अंतर. दगड रचतानाच सांध्यात घालून शिसं ओतलेलं. मागाहून ठोकलेली एकही नाही. मग त्या चर्चच्या पायरीवर बसल्या, बराच वेळ गवताच्या त्या ढिगाकडे बघत.

"माळीबुवा," त्या म्हणाल्या, "या कड्या कुत्र्यांच्या नाहीत. कुंड्यांच्याही नाहीत. तुम्ही जे बांधता ना, त्याच्याचसाठी आहेत. ज्यानं ही दोन्ही बांधली, त्याला पावसात त्यांचं काय होणार ते माहीत होतं. त्यानं हे पांघरूण धरूनच घर काढलं."

आबांना पटेना. "म्हंजे... आमी चोरून नवतो वापरत?"

"चोरून कसलं? साहेबलोक कुंड्या टांगत बसले. बरोबर तुम्हीच वापरत होता."

डोक्यावरचं फडकं काढून आबांनी ते झटकलं, घडी केली, परत उलगडलं, परत घडी केली. माझे आजोबा दर दसऱ्याला त्या कड्यांना तेल लावताना "माफी असावी" असं पुटपुटायचे, हे मला आईनं त्या संध्याकाळी सांगितलं.

पुढचं घाईत झालं. दरीतून वारा सुटला, चर्चच्या शेंड्याचा मोकळा कूड फडफडायला लागला. शिडीवर मी, खाली आबा. काथ्या अपुरा पडला. "काय बी दे, बांधायला काय बी!" मी ओरडलो, आणि आबा खालून शांतपणे म्हणाले, "गळ्यात हाय की." मी टाय काढला, कडीतून ओवला आणि त्यांनी दाखवलेली ती न सुटणारी गाठ मारली. तेवढ्यात थेंब आलेच. सोलीशेठ छत्री घेऊन परतला तेव्हा त्याच्या हॉटेलचा रिसेप्शनिस्ट चर्चच्या शेंड्यावर चिंब होऊन बसला होता आणि टाय देवाच्या घराला होता.

मॅडमनी कागदावर दोन घरं काढली. एक उघडं, एक पांघरलेलं, दोन्ही तितक्याच निगुतीनं. पांघरलेल्या घराच्या चित्रात कारवीच्या काठ्या, गवताचे थर, बारीक बाणांनी दाखवलेल्या कड्या, सगळं होतं. सोलीशेठ वैतागला म्हणे, "हे झोपडीचं चित्र कशाला?" पण घर पेरीनबाईंच्या नावावर होतं, म्हणून मॅडमनी नकाशे त्यांच्याच हातात नेऊन दिले. बाईंनी पहिलं चित्र ओळखलं. दुसरं बघून विचारलं, हा कोणाचा घर?

श्रावणात एका दुपारी फाटकाशी हातरिक्षा थांबली. ओढणारे चौघं, वर प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकच्या आत पेरीनबाई, शालीत गुंडाळलेल्या, नाकावर चष्मा धुरकटलेला. आई हातातली चिंबोरी टाकून धावली. पावसात बाई, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं; बाईंनीही पावसातलं हे काहीच पाहिलं नव्हतं. त्या रिक्षातूनच बघत राहिल्या.

"गनपत, माझा घर तू कुठे लपवला?"

"ह्येच, बाई. आत हाय."

त्यांना दोघांनी धरून उतरवलं. मागच्या भोकातून वाकून आत नेलं, व्हरांड्यातल्या त्यांच्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीवर बसवलं. आईनं गवती चहा आणला. बाहेर धो धो चाललं होतं आणि आत तांदूळ पाखडल्याचा आवाज. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माझा आजोबा मेला, बाप मेला, आता माझा पण टाइम झाला. एका पण पारशानं हा आवाज नाय ऐकला. केवढे मूर्ख आम्ही." मग आबांकडे वळून, "गनपत, डीकरा, उन्हाळ्यातला घर माझा आहे. हा घर तुझा. अर्धा घर मी कसा पाडू?"

आबा उभे होते ते भिंतीला हात लावून तसेच उभे राहिले.

जाताना बाईंना चर्चही बघायचं होतं. खालून त्यांनी चष्मा पुसून शेंड्याकडे बघितलं. मरून पट्टी भिजून काळी झाली होती, पण गाठ तशीच होती. "ने आ शुं छे? टाय?"

"दिन्याचा," आई म्हणाली.

"का? देवाला इंटरव्यू आहे?"

हॉटेल झालं नाही. सोलीशेठनं लोणावळ्याकडे कुठेतरी बांधलं, आणि मला तिथे बोलावलं नाही. मी आठवडाभर कुणाशी बोललो नाही. पण तोवर गावात गोष्ट पसरली होती: दिन्यानं स्वतःची नोकरी लाथाडली, बापाचं घर वाचवलं. घोडेवाले मला नमस्कार करायला लागले. फादरनं मे महिन्यात प्रार्थनेच्या शेवटी माझं नाव घेतलं. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी हीच गोष्ट ऐकून होकार दिला, म्हणजे माझा संसारही एका प्रकारे त्या कुत्र्यांवर उभा आहे. मी खरं सांगायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. लोक म्हणतात, बघा, किती नम्र.

पुढे मी खाली नेरळला आलो, एका हॉटेलात लागलो, टाय लावला, तीस वर्षं लावतोय. पेरीनबाई गेल्या, बंगला त्यांनी असा काही बांधून ठेवला कागदोपत्री, की तो अजून उभा आहे. कारवी मिळणं अवघड झालंय, म्हणून दोन बाजूंना आता निळं प्लॅस्टिक असतं. दरीकडच्या दोन बाजूंना मात्र कूडच. मे संपताना मी रजा टाकून वर जातो. बुधाकाकाचा मुलगा असतो. गाठी मी मारतो.

आबा अगदी थकले होते तेव्हाची गोष्ट. खाटेवर पडून ते कामट्या सोलत होते, काम नसलं तरी. मी धीर करून सांगून टाकलं. म्हटलं, आबा, मी काय त्याग-बिग केला नाय. मला तर बंगला पडायला पायजे हुता. मी फकस्त तुमची चेष्टा करत हुतो, त्या मॅडमफुडं.

त्यांनी कामटी डोळ्यापुढे धरून सरळ आहे का ते बघितलं.

"म्हाईत हाय मला," म्हणाले. "आठवडाभर तोंड फुगवून बसला हुतास. त्यागवाला आसं बसतो व्हय?"

इतक्या वर्षांचं ओझं कुणी एका वाक्यात उचलून बाजूला ठेवलं तर कसं वाटतं, ते मला लिहिता येत नाही. थोडंसं रिकामंच वाटतं.

"पन ऐक," आबा म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना, खोकला आला, मी पाणी दिलं, तरी ते हसतच राहिले. "माज्या आज्यानं बांधलं, बानं बांधलं, मी बांधलं. जल्मभर त्या शेंड्याच्या कडीतनं काथ्या ओवला. तितं कुत्रं कसं पोचनार, ह्ये एकाच्या बी डोक्यात नाय आलं रं!"